तांदूळ निवडता येतील तिथे झाड

नमस्कार श्रोतेहो.

नर्सरीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "हॉलसाठी पाहिजे की बेडरूमसाठी?" जणू आपण पडदे घ्यायला आलोय. मला तो प्रश्नच पटत नाही. विचारायचं ते असं: खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिच्यासमोर काय आहे, आणि कुंडी खिडकीपासून किती पावलांवर ठेवणार. मुंबईत तर हे आधी विचारावं, कारण आपल्याकडे हात लांब केला की समोरची बिल्डिंग लागते आणि भर दुपारी घरात ट्यूब लावावी लागते. तेव्हा आज मुद्दा एकच, आणि तो मी पुन्हा सांगणार आहे. आधी खिडकी बघा, खोली नंतर.

माझी एक मावशी लालबागला राहते. चाळ पाडून टॉवर झाला आणि मावशी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून थेट 19व्या मजल्यावर गेली. चाळीत तिच्या कठड्यावर तेलाच्या डब्यांची रांग होती: तुळस, गवती चहा, सदाफुली, कोरफड. नव्या घराला गॅलरीच नाही. आता गॅलऱ्या कुणी देतच नाही. कपडे कुठे वाळत घालायचे ते तुमचं तुम्ही बघा, खाली पोडियमवर मात्र बगीचा, आणि तिथे देवाला एक फूल तोडलं तर वॉचमन शिट्टी मारतो. असो.

मावशीची सून हौशी. तिने मोबाइलवर खोलीनिहाय यादी शोधली आणि एका रविवारी टॅक्सी भरून झाडं आणली. हॉलच्या कोपऱ्यात अरेका पाम, बेडरूममध्ये पीस लिली, बाथरूममध्ये फर्न, देव्हाऱ्याजवळ जेड, आणि टीव्हीशेजारी काचेच्या भांड्यात लकी बांबू. घर फोटोतल्यासारखं दिसायला लागलं. महिना गेला आणि अरेकाची पानं पिवळी पडली, जेड लांबुडकं होऊन वाकलं, फर्नचा पाला रोज बाथरूमच्या जाळीत अडकायला लागला. सून म्हणाली, "आई, तुम्ही पाणी फार घालता." मावशी म्हणाली, "मी हात लावला असेल तर शपथ." दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मावशी तांदूळ निवडायला बसली. मावशी अजून सुटा वाडा कोलम घेते, पालघरच्या वाड्याचा. पाकिटातल्या तांदळाला शिजताना वास येत नाही असं तिचं म्हणणं आहे, आणि माझंही. तर ताट घेऊन ती हॉलच्या कोपऱ्यात, अरेकाच्या शेजारी बसली आणि तिला खडा दिसेना. दिवसाढवळ्या दिवा लावायचा नाही हा तिचा जुना नेम. ती उठून सोफ्यावर गेली. तिथेही दिसेना. देव्हाऱ्याजवळ गेली, नाही. शेवटी ताट घेऊन बेडरूमच्या खिडकीखाली फतकल मारून बसली, आणि तिथे सगळं लख्ख! सुनेची त्या वेळी ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू होती. पडद्यावर मागे सासूबाई तांदूळ निवडताहेत, आणि निवडता निवडता मोठ्याने म्हणताहेत, "अगं, त्या कोपऱ्यात मला खडा दिसत नाही, तर त्या झाडाला काय दिसणार?"

मीटिंग संपल्यावर सून म्हणाली, "आई, तो तुमचा मोतीबिंदू." मावशी म्हणाली, "एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना? त्याच डोळ्याने बघतेय."

मग तिने नातवाला हाताशी धरून सगळं घर पालथं घातलं. कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. जिथे दिवा न लावता सुईत दोरा ओवता येतो तिथे लादीवर लाल टिकली. जिथे सुई नाही पण तांदूळ निवडता येतात तिथे मरून टिकली. जिथे फक्त पेपरचे मथळे वाचता येतात तिथे काळी. बाथरूममध्ये एकही टिकली लागली नाही. सुनेने आधी डोक्याला हात लावला, पण झाडं टिकल्यांप्रमाणे हलवली तीच. अरेका बेडरूमच्या खिडकीशी गेलं, जेड स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत आलं. पावसाळ्याआधी दोघांनाही नवी पालवी फुटली. टिकल्यांचा गोंद मात्र लादीवरून अजून निघालेला नाही, त्यावरून वर्षातून एकदा भांडण होतं.

श्रोतेहो, मावशीच्या परीक्षेत तथ्य आहे. आपला डोळा लबाड असतो. अंधार असला की बाहुली मोठी करतो आणि उजेड आहे असं आपल्याला भासवतो. खिडकीपासून चार पावलं आत आलं की उजेड किती झपाट्याने उतरतो ते आपल्याला कळतच नाही, झाडाला कळतं. म्हणून तांदूळ निवडून बघायचे.

सुई ओवता येते तिथे पुदिना, पानओवा, कोरफड, जेड. तुळस आणि कढीपत्ता मात्र घरात कोंडू नका, त्यांना उघडं ऊन लागतं, ग्रिलमध्येच ठेवा. तांदूळ निवडता येतात तिथे मनी प्लांट, पीस लिली, सिंगोनियम, अरेका. नुसते मथळे वाचता येतात तिथे स्नेक प्लांट, झीझी, हिरवं अॅग्लोनेमा, आणि तीही तिथे वाढत नाहीत, तग धरतात. मथळाही वाचता येत नसेल तर तिथे टॉवेल टांगा.

आता दिशा. पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची. पश्चिमेचं दुपारचं ऊन कोवळी पानं भाजतं. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट आत येतं. उत्तरेकडे ऊन नसतंच असं आपण धरून चालतो, पण मुंबईत 15 मेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे असतो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतली पानं अचानक करपली तर नर्सरीवाल्याला बोल लावू नका. जूनमध्ये ढग आले की प्रश्न मिटतो, आणि दुसरा सुरू होतो. उजेड कमी, हवा दमट, कुंडी वाळतच नाही, आणि आपण सवयीने रोज तांब्याभर ओततो. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर तांब्या परत ठेवा. घरातली झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात.

बेडरूममध्ये हवा शुद्ध करणारं झाड हवं, असं बरेच जण म्हणतात. याचं मूळ नासाच्या 1989च्या अहवालात आहे. तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचा हिशेब मांडला. इमारतीत नेहमीच्या हवेच्या येण्याजाण्यानं जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. म्हणजे 300 चौरस फुटांच्या घरात कमीत कमी 280 कुंड्या. मग आपण झोपायचं कुठे? खिडकी उघडा. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, तेवढं पुरेसं आहे.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. मनी प्लांट, पीस लिली, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, झीझी, डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चा अळू घशाला का खाजतो ते तुम्हाला माहीत आहे, तेच सुईसारखे स्फटिक यांच्याही पानांत असतात. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंड सुजतं. ही झाडं वर टांगा, आणि अरेका किंवा स्पायडर प्लांट खाली ठेवा, ती निर्धोक आहेत.

राहिला तो लकी बांबू. तो बांबू नव्हेच, आफ्रिकेतला ड्रसीना आहे आणि मातीत छान वाढतो. मावशीकडे डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेचा माणूस आला, त्याने भांड्यावर टॉर्च मारला आणि आत अळ्या वळवळताना दाखवल्या. मावशीने विचारलं, "मासे आहेत का हो?" 19व्या मजल्यावर डास लिफ्टनेही पोहोचतो. डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंडीखालची ताटली आणि काचेचं भांडं आठवड्यातून एकदा नुसतं रिकामं करू नका, आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी काही महिने टिकतात. आठवड्यातून एकदा, आणि घासून. बुधवारी, शनिवारी, कुठलाही वार ठरवा.

नमस्कार.