एका किल्लीच्या मागावर

स्क्रीनवर ही ओळ दिसतेय ना, ए-के-आय-ए या चार अक्षरांनी सुरू होणारी, ही ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे त्यांच्या भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरांची, ॲक्सेस की. 20 अक्षरांची. हिच्या खाली जी 40 अक्षरांची ओळ आहे ती सीक्रेट की, खरी किल्ली तीच. या दोन ओळी ज्याच्या हातात, त्याला ते अकाउंट उघडं, म्हणजे त्या कीला जेवढे अधिकार दिलेत तेवढं तरी नक्कीच, आणि क्लाउड त्याला तू कोण रे बाबा, कुठून आलास, असं काही विचारत बसत नाही.

आता ही कोडमध्ये आली कशी? मुद्दाम कुणी टाकत नाही हो. रात्री उशीर झालेला असतो, काहीतरी कनेक्ट होत नसतं, मग डेव्हलपर म्हणतो आत्तापुरती इथेच पेस्ट करून बघू, चाललं की काढू. चालतं. आणि काढायचं राहून जातं. मी स्वतः हे दोनदा केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला मी जाणार नाही.

सकाळी लक्षात येतं, ओळ डिलीट होते, नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, हुश्श. पण गिटचं, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलचं, कामच मुळी जुनं जपून ठेवायचं आहे, कालचा कमिट हिस्टरीत जसाच्या तसा पडलेला असतो. आणि रेपो, म्हणजे कोडचा हा अख्खा साठा, पब्लिक असेल तर तोवर उशीर झालेलाच असतो कारण अशा की शोधत फिरणारे बॉट चोवीस तास जागे असतात. 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी गिटहब, म्हणजे असे रेपो ठेवायची वेबसाइट, चाळली तेव्हा 1 लाखाहून जास्त रेपोंमध्ये अशी सीक्रेट्स, म्हणजे गुप्त की वगैरे, सापडली, आणि रोज हजारो नवी येतच होती.

"पण आमचा रेपो प्रायव्हेट आहे." हे वाक्य प्रत्येक टीममध्ये कुणीतरी म्हणतंच. 2016 मध्ये उबरचा रेपोही प्रायव्हेटच होता. हल्लेखोर त्यात शिरले, तिथे ॲमेझॉनची की मिळाली, ती घेऊन ते स्टोरेजपर्यंत पोचले आणि 5 कोटी 70 लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांचा डेटा उचलला. कंपनीनं त्यांना 1 लाख डॉलर दिले, गप्प बसली, आणि जगाला कळलं ते थेट नोव्हेंबर 2017 मध्ये. पुढे त्यांच्या सुरक्षाप्रमुखाला कोर्टानं दोषीही ठरवलं. एवढं सगळं कोडमध्ये राहिलेल्या एका की पासून.

मग लोक म्हणाले, कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ॲपला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, ठेवू. बरं आहे की, आधीपेक्षा नक्कीच बरं. पण ॲप क्रॅश झालं की काही टूल्स अख्खं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, ओतून मोकळी होतात. 2021 मध्ये कोडकव्ह नावाच्या टूलची एक स्क्रिप्ट कुणीतरी गुपचूप बदलली आणि ती जिथे जिथे चालायची तिथली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाहेर पाठवायला लागली, 31 जानेवारीपासून 1 एप्रिलपर्यंत, दोन महिने. आणि कुबरनेटिसमध्ये, म्हणजे बऱ्याच सर्व्हरांवर ॲप्स चालवणाऱ्या सिस्टिममध्ये, सीक्रेट नावाची वस्तू असते ती बघून निर्धास्त झालेले पण खूप भेटतात, तर ती आपण काही वेगळं सेट केलं नाही तर नुसती बेस64 मध्ये, म्हणजे वेगळ्या अक्षरांत लिहिलेली, असते. बेस64 म्हणजे कुलूप नाही, दाराला लावलेला पडदा आहे. एका कमांडनं बाजूला होतो.

आता तिजोरीकडे वळूया, म्हणजे पासवर्ड आणि की जपून ठेवणाऱ्या सर्व्हिसकडे. हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट 2015 मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं की व्हॉल्ट त्याच वर्षी, ॲमेझॉनचं सीक्रेट्स मॅनेजर 2018 मध्ये, गूगलचं 2020 मध्ये. क्लाउडवाल्या तिजोरीत आत काय चालतं ते मला फार आवडतं म्हणून जरा थांबतो. तुमचा डेटाबेस पासवर्ड एका डेटा कीनं एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद. मग ती डेटा की उघडी कशी ठेवायची? तर तिलाही एन्क्रिप्ट करतात, वरच्या एका मास्टर कीनं, आणि ती बंद डेटा की त्या बंद पासवर्डच्या शेजारीच ठेवून देतात, बिनधास्त. कारण मास्टर की एका खास हार्डवेअरमध्ये असते आणि तिथून उघडी कधीच बाहेर येत नाही. काम असेल तर डेटा कीच तिच्याकडे जाते, उघडून घेते, परत येते. याला एन्व्हलप एन्क्रिप्शन म्हणतात, पाकिटात पाकीट.

पण खरी गोम पुढेच आहे. तिजोरीतून पासवर्ड काढायला ॲपला तिजोरीची किल्ली लागणार, ती किल्ली कुठे ठेवायची? परत कोडमध्ये? फिरून तिथेच. या प्रश्नाला या धंद्यात सीक्रेट झीरो म्हणतात, पहिलं सीक्रेट.

क्लाउडचं यावरचं उत्तर असं की किल्ली देऊच नका, ओळख द्या. सर्व्हर क्लाउडनंच उभा केलाय, म्हणजे तो कोण हे क्लाउडला माहितीच आहे. त्या सर्व्हरला एक रोल, म्हणजे ठरावीक अधिकारांची ओळख, जोडायचा, मग ॲप 169.254.169.254 या आतल्या पत्त्यावर विचारतं आणि त्याला तात्पुरती की मिळते, काही तासांत आपोआप मरणारी. कुठे लिहिली नाही, कुणी पेस्ट केली नाही.

आता इथे सगळं सुटलं म्हणाल तर 2019 चं कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं प्रकरण आठवा. हल्लेखोरानं नीट सेट न केलेल्या फायरवॉलला, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला, बाहेरूनच गंडवलं आणि तिच्याकडून याच पत्त्यावर विचारून घेतलं. की मिळाली, रोलला गरजेपेक्षा जास्त अधिकार होते, आणि अमेरिका-कॅनडा मिळून 10 कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉननं या पत्त्याची नवी पद्धत आणली, आधी टोकन घ्या मग विचारा. माझ्या मते यातला जास्त महत्त्वाचा भाग अधिकारांचा आहे आणि लोक वाचतात फायरवॉलचा. ॲपला एकच सीक्रेट वाचायचं असेल तर परवानगी त्या एकाचीच हवी, पण स्टार, म्हणजे 'सगळंच' अशी खूण, टाकून सगळं उघडं ठेवलं की काम लगेच होतं ना.

आणि रोटेशन. म्हणजे पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलत राहणं. तिजोरी नवा पासवर्ड बनवते, डेटाबेसमध्ये सेट करते, चालतो का बघते, मगच त्याला करंट म्हणून लेबल लावते, जुना प्रीव्हियस म्हणून बाजूला राहतो. कागदावर एकदम छान. मी एका ठिकाणी काम करायचो तिथे पहिल्यांदा रोटेशन चालू केलं तर पासवर्ड बदलला व्यवस्थित, पण ॲपनं तो सुरू होतानाच एकदा वाचून मेमरीत धरून ठेवलेला, त्यामुळे रात्रभर लॉगिन फेल, लॉगिन फेल. तिजोरी बरोबर होती, आम्हीच तिला परत विचारत नव्हतो.

आता सुरुवातीची ती ए-के-आय-ए वाली की. कोडमधून गेली, तिच्या जागी आता फक्त सीक्रेटचं नाव आहे. पण की स्वतः अजून जिवंत आहे, ती मारायला हवी. लगेच डिलीट करत नाहीत, आधी इनॲक्टिव्ह करतात. कन्सोलवर बघा, लास्ट यूज्ड, काल रात्री. कुणी वापरली? टीममध्ये विचारलं तर सगळे म्हणतात आम्ही नाही. मग इनॲक्टिव्ह करून वाट बघायची, आणि दोन दिवसांनी अकाउंट्सवाल्यांचा फोन येतो की आमचा रिपोर्ट का नाही आला.