टिंग म्हटलं की खाली : विंदांची बालकविता

(दृश्य : भायखळा, तिकिटाची रांग)

पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. रांगेतली पोरं मात्र अजून राणीची बागच म्हणतात. १९६१ साली याच नावाचा बालकवितांचा संग्रह आला. कवी गोविंद विनायक करंदीकर, म्हणजे आपले विंदा. चारच वर्षांपूर्वी त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं होतं. 'स्वेदगंगा', 'मृद्गंध' लिहिणारा हा इंग्रजीचा प्राध्यापक आता मुलांच्या उंचीवरून पिंजऱ्यात बघत होता.

(दृश्य : धालवली, संध्याकाळ)

देवगड तालुक्यातलं धालवली. २३ ऑगस्ट १९१८ रोजी विंदा इथे जन्मले. चिऱ्याचे गडगे, कलमं, आणि तिन्हीसांजेला झपकन उतरणारा काळोख. कोकणातल्या पोराला भुतं कुणी शिकवावी लागत नाहीत. देवचार, मुंज्या, हडळ घरच्या गोष्टींतच भेटतात. पुढे विंदांनी पिशीमावशी आणि तिची भुतावळ कवितेत आणली. एकदा यमकात सापडलं की भुताशी खेळता येतं, हे मुलांना बरोबर कळतं.

शिक्षण कोल्हापुरात, नोकरी मुंबईत.

(दृश्य : शाळेचा वर्ग, मुलं मोठ्यानं वाचताहेत)

ही एटू लोकांच्या देशाची कविता. देश कुठे? तिबेटाच्या जरा खाली, हिमालयाच्या जरा वर. पत्ता इतका नेमका की मूल नकाशा उघडून बोट फिरवू लागतं. तिथली घरं उडतात. टिंग म्हटलं की खाली, टंग म्हटलं की वर. का, कसं, काही सांगितलेलं नाही. पण नियम पक्का आहे. अद्भुत म्हणजे वाटेल ते, असं विंदांनी कधी मानलं नाही. मुलांचे चेहरे बघा : 'टिंग'ला माना खाली, 'टंग'ला वर. शिक्षकांनी हे शिकवलेलं नाही. ते त्या दोन आवाजांतच आहे, आणि असे आवाज सापडायला 'धृपद' हा कवितासंग्रह लिहिणाऱ्या कवीचाच कान लागतो. वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या कवींबरोबर गावोगावी कविता म्हणताना हा कान हजारो श्रोत्यांसमोर तयार होत गेला. मोठ्यांसाठी एक लेखणी आणि मुलांसाठी उरलीसुरली, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

विंदांवरच्या लेखांत बालकविता बहुतेक वेळा शेवटी येते, एखाद्या ओळीत. या दृश्यांत आम्ही ती आधी घेतली.

(दृश्य : पुस्तकांचं कपाट)

'अष्टदर्शने', ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चं आजच्या मराठीतलं रूप, 'राजा लिअर', २००३ सालचं ज्ञानपीठ. १४ मार्च २०१० रोजी मुंबईत निधन.

(दृश्य : पुन्हा वर्ग)

आता वर्गाला पिशीमावशी हवी आहे. मागच्या बाकावरच्या दोघी पुस्तक घेऊन पुढे आल्यात. त्यांचं वाचन आम्ही कुठेही कापलेलं नाही.