सालीसकट नागली

(दृश्य: वाऱ्यावर हलणारी कणसं, अगदी जवळून)

हे कणीस नीट बघा. बोटं आखडून मूठ वळावी, तसं. कोल्हापूर-कोकणात हिला नाचणी म्हणतात, इकडे जव्हारच्या डोंगरात नागली. दाणा मोहरीएवढा. पण शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत, आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा.

(दृश्य: राब, धूर)

पावसाला दोन-तीन महिने असतात तेव्हाच काम सुरू होतं, राबापासून. जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, त्यावर डहाळ्या, पालापाचोळा, गवत, आणि वरून मातीचा पातळ थर. मग पेटवायचं. आग भडकू द्यायची नाही, धुमसत ठेवायची. तणाचं बी जळतं, राख रोपांना मिळते. ही चढण बघा. शेणाची प्रत्येक पाटी बायांच्या डोक्यावरून इथवर आली आहे.

(दृश्य: जुलै, पावसातली आवणी)

रोपं वीतभर झाली की उपटून उतारावर आवणी. भातासारखं पाणी साचवून ठेवावं लागत नाही. हलकी, मुरमाड जमीन, पाणी वाहून जाणारी. जिथे दुसरं फारसं काही येत नाही, तिथे नागली उभी राहते.

(दृश्य: खळं, सूप)

दिवाळीच्या आगेमागे विळ्याने कणसं कापायची, वाळवायची, खळ्यावर काठीने बडवायची, पाखडायची. आजींचा हात बघा. सूप हलतं, फोलपट पुढे सरकतं, दाणा मागे राहतो. तांदूळ गिरणीत पॉलिश होऊन येतो. नागलीचा दाणा इतका बारीक, साल इतकी घट्ट, की ती सालीसकटच दळली जाते. कॅल्शियमचा मोठा वाटा त्या सालीतच आहे.

(दृश्य: फडक्यातली मोड आलेली नागली)

नागलीत फायटिक आम्लही असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, सगळं अंगी लागू देत नाही. म्हणून हे फडकं महत्त्वाचं. रात्रभर भिजवलेली नागली त्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, हलकं भाजून दळायचं आणि गाळायचं. हे झालं नाचणीचं सत्त्व, कितीतरी घरांत बाळाचं पहिलं खाणं. पीठ आंबवलं की आंबील. मोड आणण्याने आणि आंबवण्याने ते आम्ल कमी होतं.

(दृश्य: चूल, भाकरी थापणारे हात)

पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून आधणाच्या पाण्यात मळायचं. अशा दोन मोठ्या भाकऱ्यांत चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली मोठ्या माणसासाठी दिवसाला १००० मिलिग्रॅमचं प्रमाण ठरवलं. सोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी, काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी असेल, तर उरलेल्यातलंही बरंच भरून निघतं.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. ताटातून आलं नाही की हृदयाला आणि स्नायूंना लागणारं कॅल्शियम शरीर हाडांतून काढतं, आणि हाडं ठिसूळ होत जातात.

(दृश्य: गवत वाढलेला उतार)

इथेही पूर्वी नागली होती. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, एवढे कष्ट कशाला, असं तरुण पोरं म्हणतात. त्यांचं चूक नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष झालं, शहरात नाचणीची बिस्किटं आली. पण नागलीला इथे, खळ्यावर, भाव मिळायला हवा. अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटात ती हवी, आणि ती याच डोंगरातून विकत घेतलेली हवी.

(दृश्य: चुलीच्या वर टांगलेली कणसं)

ही बियाण्याची. धुरात ठेवली की कीड लागत नाही. आजींनी यंदा चार जुड्या टांगल्या आहेत.