वकील शोधायची वेळ

(ज्येष्ठ नागरिकांसमोर सावंतवाडीत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कायदेतज्ज्ञ’ असं छापलंय, ते आधी दुरुस्त करते. मी वकील नाही. मी ३१ वर्षं न्यायालयात नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं डायसच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या उंच बैठकीच्या खाली, बेंच क्लार्कच्या खुर्चीत गेली. वकिलाचा चेहरा न्यायाधीशांना दिसतो, पाठ अशिलाला दिसते आणि आम्हाला त्याच्या हातातली फाईल दिसते. कुणी ती काल रात्री वाचली आहे आणि कुणी पुकारा झाल्यावर पहिल्यांदा दोरी सोडतोय, हे त्या खुर्चीतून लगेच कळतं. आज बोलणार आहे ते त्या खुर्चीतून पाहिलेलं.

विषय मला असा दिला आहे : फौजदारी प्रकरणासाठी आणि मृत्युपत्रासाठी अनुभवी वकील कसा निवडावा. मी अध्यक्षांना विचारलं, हे दोन विषय एकत्र का? ते म्हणाले, सभासद एकाच दमात दोन्ही विचारतात. बरोबरच आहे. या वयात दोनच भीती असतात, आपल्या पश्चात भांडणं होतील ही एक आणि नातवाला किंवा जावयाला पोलीस ठाण्यातून फोन येईल ही दुसरी.

मला सांगायचं आहे ते एकच. ‘अनुभवी’ या शब्दापाशी आपण थांबतो आणि ‘कशातला अनुभवी’ हे विचारत नाही. आणि वकील शोधायला निघतो तेव्हा आपले हात कापत असतात. तो शोधायचा घरात सगळं शांत असताना.

ज्यांनी मृत्युपत्र केलं आहे त्यांनी हात वर करा बरं. तीन. नाही, चार, त्या मागच्या वहिनी. सभागृहात सत्तरऐंशी माणसं आहेत. पुष्कळांना तो शब्दच नको वाटतो. माझी आई म्हणायची, मेल्याशिवाय मृत्युपत्र कसलं? मग इच्छापत्र म्हणा. कायद्याला दोन्ही सारखेच. तुमची इच्छा त्यात आहे आणि ती हवी तितक्या वेळा बदलता येते, हे लक्षात राहिलं तरी पुरे.

आता मामांची गोष्ट सांगते. ती लांबेल, पण ती सांगायलाच मी आले आहे.

माझे थोरले मामा प्राथमिक शिक्षक. देशावरच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी स्वतःच्या पगारातून प्लॉट घेतला आणि चार खोल्यांचं घर बांधलं. वडिलोपार्जित काही नाही, सगळं स्वकष्टार्जित. दोन मुलगे नोकरीनिमित्त बाहेर गेले. मुलगी, आमची आक्का, ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली. मामींचं शेवटचं आजारपण आक्कानं काढलं, नंतर मामांचंही. मामांच्या मनात काही संशय नव्हता. घर आक्काला आणि बँकेतले पैसे दोन्ही मुलांना सारखे, हे ते आल्यागेल्याला सांगायचे.

१९९८ साली त्यांनी मृत्युपत्र केलं, तेही वकिलाकडून. हे मुद्दाम सांगते, कारण मामा निष्काळजी नव्हते. ते वकील त्यांचे विद्यार्थी, फौजदारीत जिल्ह्यात नाव असलेले. मी त्यांना उलटतपासणी घेताना पाहिलं आहे. पंचाला ते इतक्या हळुवारपणे पंचनाम्याची वेळ विचारायचे, की उत्तर देऊन झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्या पंचाला कळायचं. खुनाच्या खटल्यात माझ्या घरचं माणूस अडकलं असतं, तर मी त्यांचेच पाय धरले असते. गुरुजींचं काम म्हणून त्यांनी एक पैसा घेतला नाही. अर्ध्या तासात कागद तयार.

त्या अर्ध्या तासात काय झालं? मामा आत वकिलांच्या खोलीत बसले होते. आक्का त्यांच्या शेजारी, कारण त्यांना ऐकू कमी यायचं आणि तिच्याशिवाय ते रिक्षातून उतरूसुद्धा शकत नव्हते. मामांनी सही केली. मग मुन्शी, म्हणजे वकिलांचा कारकून, तो कागद घेऊन बाहेरच्या बाकावर गेला. तिथे दोन साक्षीदार होते, मामांचे एक सहकारी शिक्षक आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन. दोघांनी सह्या केल्या, सगळ्यांनी चहा घेतला, घरी आले. नोंदणी केली नाही. सक्तीची नाही असं वकील म्हणाले आणि ते खरंच होतं. मृत्युपत्राची नोंदणी आजही ऐच्छिक आहे.

मामा २००१ साली गेले. वर्षभरानं थोरल्यानं वाटपाचा दावा लावला. धाकटा त्याच्या बाजूनं उभा राहिला. आक्कानं मृत्युपत्र पुढे केलं.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा. त्याचं कलम ६३ सांगतं, की मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना किमान दोन साक्षीदारांनी पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा ‘ही माझी सही’ असं त्यानं त्यांना स्वतः सांगितलेलं असलं पाहिजे, आणि साक्षीदारांनी त्याच्या देखत सही केली पाहिजे. मजकूर त्यांना माहीत असण्याची गरज नाही. पुढे वाद झाला तर, साक्षीदार हयात असेल तर, निदान एकाला तरी कोर्टात उभं करून हे शाबीत करावं लागतं. तोवर सहकारी शिक्षक वारले होते. राहिले पोस्टमनकाका, वय ७८.

मी तेव्हा त्याच इमारतीत होते, दुसऱ्या कोर्टात. नात्यातल्या दाव्याजवळ फिरकायचं नाही, हा नियम मी पाळला. पण पुकारा व्हरांड्यातून ऐकू यायचा. पोस्टमनकाकांना विचारलं गेलं, तुम्ही सही केलीत तेव्हा गुरुजी कुठे होते? ते म्हणाले, आत. तुम्ही त्यांना सही करताना पाहिलंत? नाही, कागद बाहेर आला तेव्हा सही झालेली होती. नंतर गुरुजी काही बोलले? म्हणाले, चहा घ्या.

काका खोटं बोलले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोहोचवलेला माणूस, शपथ घेऊन खोटं कशाला बोलेल? पण तिथे मृत्युपत्र पडलं.

मला जास्त लागलं ते पुढचं. सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ सालच्या रिपोर्टातला एक निकाल आहे, व्यंकटाचल अय्यंगार यांचा. मृत्युपत्राच्या प्रत्येक वादात तो निघतोच. ज्याला मृत्युपत्रानं मोठा लाभ होतो, त्यानंच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती समजायची आणि तो संशय त्यानंच दूर करायचा. तत्त्व योग्यच आहे. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून सही घेणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. पण इथे तो संशय कुणावर आला? बापाला रिक्षातून उतरवून घेणाऱ्या मुलीवर. आणि मुलांना घरातून का वगळलं, याचं एक वाक्यही त्या कागदात नव्हतं. मामा ते कारण गावभर सांगत होते. कागदावर ते आलंच नाही.

२००९ मध्ये निकाल लागला. मृत्युपत्र शाबीत नाही, म्हणून हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिघांचे सारखे हिस्से. घर विकलं गेलं. आक्का दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली. जाताना तिनं मामांच्या शाळेतली घंटा तेवढी बरोबर नेली, शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा त्यांना दिलेली.

या सगळ्यात कुणी लबाडी केली नव्हती. वकील हुशार होते, अनुभवी होते, मायाळू होते. मृत्युपत्रं ते करत नसत, एवढंच. ज्याची निम्मी हयात मृत्युपत्रं शाबीत करण्यात किंवा पाडण्यात गेली आहे, अशा दिवाणी वकिलानं आक्काला आधी बाहेर, रस्त्यापलीकडे बसवलं असतं. डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला घेतला असता आणि जमल्यास डॉक्टरांनाच साक्षीदार केलं असतं. दुसरा साक्षीदार मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान शोधला असता. ऐकू कमी येतं म्हणून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला असता आणि वाचून दाखवला असं शेवटी लिहिलं असतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घेतली असती. त्यानं काही आकाश खाली येत नाही, पण सही कुणी, कधी, कुणापुढे केली याचा एक सरकारी पुरावा राहतो. हे ज्यानं कोर्टात सोसलंय, त्यालाच आधी सुचतं.

म्हणून मृत्युपत्रासाठी वकिलाकडे जाल तेव्हा तो तुम्हाला काय विचारतो तिकडे लक्ष द्या. मालमत्ता काय आहे, एवढंच विचारून टंकलेखनाला बसला तर नमस्कार करून उठा. चांगला वकील विचारतो : यात वडिलोपार्जित किती? मुलींची लग्नं कधी झाली, हेही विचारलं जायचं, पण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच हिस्सा मिळाला आणि बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे २०२० च्या निकालानं पक्कं झालं. तेव्हा समाईक मिळकतीतला तुमचा हिस्सा तेवढाच तुम्ही देऊ शकता. तो विचारतो : आई आहे का? कारण मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर बायकोमुलांबरोबर त्याच्या आईलाही बरोबरीचा हिस्सा असतो. तो विचारतो : नॉमिनी कोण लावलाय? नॉमिनी म्हणजे मालक, हा समज अजून घट्ट आहे. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की नॉमिनीच्या हाती ते येतात, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. तो वाद मुंबईतल्या एका मराठी घरातलाच होता.

तुमच्या गावासाठी आणखी एक. इथून बांदा ओलांडलं की गोवा लागतो आणि कायदा बदलतो. तुमच्यातल्या किती जणांच्या लेकी पेडण्याला, म्हापशाला दिल्यात? गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा आहे आणि आता २०१२ चा उत्तराधिकार कायदा. तिथे मुलांना निम्म्या मिळकतीतून वगळताच येत नाही आणि नवरा-बायकोची मिळकत बहुतेक वेळा अर्धी अर्धी असते. गोवेकराची गोव्याबाहेरची मिळकतही त्याच कायद्यानं वाटली जाते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवलं. तेव्हा जावई गोव्याचा आणि फ्लॅट कुडाळात, असं असेल तर सावंतवाडीचा वकील कितीही जवळचा असला तरी पणजीच्या किंवा म्हापशाच्या वकिलाला एकदा विचारा. आणि इथला चांगला वकील तुम्हाला स्वतःच तिकडे पाठवील.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. फौजदारी सगळी राहिली आहे. भरभर सांगते, पण हे लिहून घ्या.

मामांच्या उलट चूकही तितकीच होते. पोरगा ठाण्यात बसवलाय आणि घरचे ज्यांनी खरेदीखत केलं त्या वकिलांना उठवून नेतात. ते भले गृहस्थ येतात, साहेबांना विनंती करतात आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचे दोन दिवस विनंतीतच जातात. फौजदारी वकील असा हवा, जो तुमच्या तालुक्याच्या आणि सत्र न्यायालयात रोज उभा राहतो. अटकपूर्व जामीन सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयच देतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. अटकपूर्व जामिनाचं जुनं कलम ४३८ आता ४८२ आहे. वकिलाला सहज विचारून पाहा. चाचपडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अशा वेळी हजर राहण्याची नोटीस येते. नोटीस आली की घाबरून गावाला पळू नका. वकिलाला दाखवा आणि तारखेला हजर राहा, कारण न जाणं हेच अटकेचं कारण होतं. अटक झालीच तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलंच पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. तपासातल्या जबाबावर पोलिसांनी तुमची सही घ्यायची नसते. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाहीच. फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं होता कामा नये. कोठडीतल्या कुणालाही, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींना मोफत बचाव वकील देणारं कार्यालय आहे. विधी सेवेचा देशभरचा मदत क्रमांक १५१००. हा उपकार नाही. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून तो हक्क आहे. तिथल्या काही वकिलांची तयारी मी पाहिली आहे, मोठ्या फीवाल्यांनी पाहावी अशी.

फीबद्दल इतकंच. ‘जिंकलो तर अमुक टक्के’ असं ठरवणाऱ्या वकिलाकडे जाऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांत ते निषिद्ध आहे. ‘जामीन नक्की करून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे निवड चुकली तर ग्राहक मंच नाही. म्हणून निवडण्याआधी एक सकाळ काढा आणि कोर्टात मागच्या बाकावर बसा. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं, कुणी विचारत नाही. कुणाची फाईल उघडी आहे आणि कोण तारीख मागतोय, ते दोन तासांत दिसेल.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय : ‘वकील बदलायचा आहे, पण फी थकल्यामुळे ते कागद देत नाहीत.’ ताई किंवा भाऊ, कोण असाल ते, वकील कधीही बदलता येतो. आणि फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. फी त्यांनी वेगळी वसूल करावी. लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तरी नाही दिले तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, अर्ज कसा लिहायचा ते आपण इथेच बसून लिहू.