रडू आलं तर चालेल का?

(पहाट. देवळासमोर उभी असलेली गाडी. पिशव्या घेतलेली माणसं.)

सकाळचे साडेसहा. गाडी चौदा जणांची, बसलेत एकोणीस. जानेवारी आहे, ज्वारी अजून उभी आहे, म्हणून एवढी तरी माणसं आली. काढणी लागली की गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या मोतीबिंदूच्या यादीला कुणी दाद देत नाही.

प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. पिशवीत एक लुगडं नाहीतर धोतर, स्टीलचा तांब्या, फडक्यात बांधलेल्या भाकरी, आधार कार्डाच्या झेरॉक्स, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं.

मागच्या सीटवर हिरव्या लुगड्यातल्या आजी आहेत. आज त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. शेजारणीने त्यांना आत्ताच सांगितलंय, की तिच्या चुलत सासूचा डोळा काढून बशीत ठेवला होता. धुतला, पुसला आणि परत बसवला. आजी काही बोलत नाहीत. तांब्यावरची त्यांची पकड बघा.

डोळा बाहेर काढत नाहीत. हे कुणीतरी त्या गाडीत म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही. आम्हीही नाही, आम्ही शूट करत होतो.

(रुग्णालयाचा व्हरांडा. बाकांवर रांग. यंत्रासमोर हनुवटी टेकवलेले आजोबा.)

मराठवाड्यातलं हे एक धर्मादाय नेत्र रुग्णालय. सकाळी नऊला व्हरांडा भरतो. आधी शुगर, बीपी, मग अश्रूंची नळी मोकळी आहे का ते पाहणं, मग हे यंत्र. यात बुबुळाच्या काचेचा गोलवा आणि डोळ्याची लांबी मोजतात. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. मापात एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. म्हणून तंत्रज्ञ एकाच डोळ्याचं माप पुन्हा पुन्हा घेतोय. आणि पांढऱ्या फेट्यातल्या आजोबांची खात्री होत चाललीय, की आपल्या डोळ्यात भलतंच काहीतरी निघालंय.

"काय निघालं वो?"

"नंबर काढतोय बाबा. हलू नका."

एवढंच. दिवसभरात असे कितीतरी प्रश्न 'हलू नका' या उत्तरावर संपतात.

(लहान खोली. टेबलावर प्लॅस्टिकचा मोठा डोळा. सिस्टर. जमिनीवर सतरंजी.)

ही खोली मात्र वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर ही फिल्म आम्ही या खोलीसाठीच केली. इथे ऑपरेशन होत नाही, इंजेक्शन देत नाहीत, इथे फक्त बोलतात. सिस्टर येतात, सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसतात आणि म्हणतात, "विचारा."

कुणीच विचारत नाही. एक मिनिट जातं. कॅमेऱ्याला एक मिनिट फार मोठं असतं, तरी आम्ही ते कापलेलं नाही.

मग सिस्टरच विचारतात, "डोळा काढून बशीत ठेवतात, असं कुणी कुणी ऐकलंय?"

मोजा. सात हात वर आहेत.

प्लॅस्टिकच्या डोळ्याचं झाकण उघडतं. बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, चपट्या वाटाण्याएवढं. जन्मतः काचेसारखं स्वच्छ असतं, वय झालं की गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. डोळ्यावर वरून पडदा येत नाही, मांस वाढत नाही. आतलं भिंगच धुरकट होतं. ते काढायचं, त्याच्या जागी कृत्रिम भिंग ठेवायचं. डोळा आहे तिथेच राहतो. सिस्टर ते छोटं भिंग फेट्यातल्या आजोबांच्या तळहातावर ठेवतात. आजोबा ते उजेडात धरतात. मग शेजारच्याला देतात. पुढची दोन मिनिटं ते भिंग सगळ्या सतरंजीवरून फिरतं.

आणि आता तोंडं उघडतात.

"माझा अजून पिकला न्हाई म्हनतेत. पिकू द्यावा का?"

पिकायची वाट पाहणं एके काळी बरोबर होतं, तेव्हाची पद्धतच तशी होती. आता उलट आहे. फार पिकलेला मोतीबिंदू टणक होतो, काढायला जड जातो. कधी तो आत फुगतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि मग नुसतं अंधूक दिसत नाही, दुखायलाही लागतं.

"मला शुगर हाय. जखम भरंल का?"

शुगर ताब्यात असेल तर भरते. म्हणून तर सकाळी बोटातून रक्त घेतलं. वाढलेली असेल तर आठवडाभर थांबतात, त्याचा राग मानू नका.

मग फेट्यातले आजोबा बोलतात. "माझ्या आईला आठ दिस उताणं निजवलं होतं. डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या. मान हलवायची न्हाई, चावायचं न्हाई, पेज पाजायची. तसंच का आता?"

आजोबा काही मनचं सांगत नाहीत. तेव्हा तसंच होतं. शाळेतली बाकं हलवून वर्गात शिबिरं भरायची. भिंग त्याच्या आवरणासकट उपसून काढत, डोळ्याला टाके घालत, आणि टाका निसटू नये म्हणून माणूस पडून राही. आत दुसरं भिंग नाहीच. त्याऐवजी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो घातलेले आजोबा-आजी ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल, काचेआड डोळे केवढे मोठे दिसायचे.

१९७६ मध्ये देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गातली ऑपरेशनं हळूहळू थांबली, माणसं गाडीत बसवून रुग्णालयात आणायला लागले आणि भिंग बसवणं सर्रास झालं. शास्त्र पुढे गेलं. आजोबांच्या आठवणीतल्या वाळूच्या पिशव्या मात्र कुणी हलवल्या नव्हत्या. त्या आज, या सतरंजीवर हलल्या.

(जुनी छायाचित्रं. लढाऊ विमानाची पारदर्शक टोपी.)

हे भिंग आलं कुठून, ते सिस्टर सांगत नाहीत, त्यांना वेळ नाही. आम्हाला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या टोपीचे, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या झाकणाचे, कण घुसले. हॅरॉल्ड रिडली हे लंडनमधले नेत्रशल्यचिकित्सक. त्यांनी पाहिलं, की या कणांमुळे डोळा चिडत नाही, कण आत पडून राहतात. पुढे एकदा ते मोतीबिंदू काढत असताना बघायला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने विचारलं म्हणतात, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं नाही का बसवणार? २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, ते सोडा. विचारणारा विद्यार्थी होता, हे लक्षात ठेवा.

(क्लोज-अप : शाईचं पॅड. अंगठा. संमतीपत्र.)

हा अंगठा हिरव्या लुगड्यातल्या आजींचा. कागदावर लिहिलंय, 'मला समजेल अशा भाषेत सर्व माहिती वाचून दाखवण्यात आली असून ती मला मान्य आहे.' अनेक ठिकाणी हा अंगठा आधी उमटतो आणि माहिती नंतर मिळते, किंवा मिळत नाही. मुलगा नाहीतर पुतण्या सही करून चहाला जातो. इथे क्रम उलटा आहे. आधी सतरंजी, मग शाई.

(ऑपरेशन थिएटरचं दार. आत फक्त मॉनिटर.)

दारापर्यंत वॉर्डबॉय, ज्यांना इथे सगळे मामा म्हणतात, आजींना हात धरून आणतात. उजव्या भुवईवर चिकटपट्टी आहे, तिच्यावर पेनने खूण. दारात आजी थांबतात. आज पहिल्यांदाच त्या काही विचारतात.

"खोकला आला तर वो?"

मामा हसत नाहीत. "सांगायचं, डॉक्टर खोकला येतोय. ते हत्यार थांबवतेत. न सांगता खोकायचं न्हाई. लघवीला जाऊन आलाव ना?"

आत जायची आम्हाला परवानगी नव्हती. जे दिसतंय ते सूक्ष्मदर्शकातून मॉनिटरवर आलेलं आहे.

पूर्ण भूल नाही. डोळ्याच्या खालच्या बाजूने एक इंजेक्शन, ते टोचतं, तेवढंच. आजी जाग्या आहेत, त्यांना आवाज ऐकू येतायत. हे तपकिरी पाणी म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. त्याचा थेंब डोळ्यात टाकून थोडं थांबतात. कंटाळवाणं दिसतं, पण संसर्ग टाळण्यात या थेंबाएवढं काम दुसरं क्वचितच काही करतं.

आता पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेच्या मागे, साधारण सहा मिलिमीटरचा छेद. तो जिन्यासारखा तिरका आत जातो, म्हणून नंतर आपल्याच दाबाने मिटतो. लोक म्हणतात ते 'बिनटाक्याचं' ऑपरेशन ते हेच. भिंगाभोवतीच्या आवरणाला समोर गोल खिडकी पाडतायत. हे आवरण कांद्याच्या पापुद्र्याहून किती तरी पातळ. ते मागच्या बाजूने फाटू द्यायचं नाही, कारण नवं भिंग त्याच्याच आधाराने बसणार.

आणि हा मोतीबिंदू. गुळाच्या खड्याच्या रंगाचा. इतकी वर्षं आजी यातून बघत होत्या.

बाहेर आला. आतला कापसासारखा उरलेला भाग धुऊन ओढून घेतला. नवं भिंग सरकलं, त्याचे दोन बारीक हात आवरणात फिरून बसले. बस. चौदा मिनिटं झाली, त्यातली खूपशी पुसण्यात आणि थांबण्यात.

"मशीनवालं का नाही केलं?" हा प्रश्न आजींच्या पुतण्याचा, व्हरांड्यातला. त्याला 'लेझरनं' करायचं होतं. मशीनवाल्या पद्धतीला फेको म्हणतात आणि ती लेझर नव्हे, ध्वनिलहरींची सुई असते. तिचा छेद तीन मिलिमीटरच्याही आत असतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर या दोन पद्धती ताडून पाहिल्या होत्या, निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर फेकोत सरस निघाली, चष्मा लावल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखीच. पुतण्याला हे कुणी शांतपणे सांगितलं असतं तर त्याने दुपारभर काकूला 'स्वस्तातलं केलं' असं ऐकवलं नसतं.

(दुसरा दिवस. सकाळ. वॉर्ड. पट्टी सुटते.)

(वीस सेकंद निवेदन नाही.)

"निळं दिसतंय समदं."

घाबरू नका. गढूळ, पिवळट भिंगातून इतकी वर्षं बघितल्यावर खरा रंग निळसर वाटतो. काही दिवसांत डोळा सरावतो. फेट्यातले आजोबा मात्र फेटा सोडून हातात घेऊन बसलेत. तो पांढरा आहे, यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये.

मग प्रश्नांची दुसरी फेरी. ही पहिलीपेक्षा मोठी, कारण आता घरी जायचंय. आंबट चालतं का? चालतं. वांगं? वांग्याने डोळ्याला काही होत नाही, मटणानेही नाही. टीव्ही? बघा. डोक्यावरून पाणी? दोन आठवडे नाही, मानेखालून अंघोळ. चूल? इथे बायका एकमेकींकडे बघतात. दोन-तीन आठवडे धुरापासून लांब, असं सिस्टर सांगतात. 'मग भाकरी कोण करणार?' याचं उत्तर सिस्टरकडेही नाही. त्या सुनेला पुढे बोलावून तिला सगळं परत सांगतात. चष्मा? जवळचं वाचायला, निवडायला लागेल, दीड महिन्याने नंबर काढू.

थोडं टोचणं, थोडी लाली, पाणी येणं, हे होतंच. पण दुखणं वाढलं, दिसायला लागलेलं कमी झालं, पू आला, तर सकाळची वाट बघायची नाही. मागच्या वर्षी एकांना तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं, ते नवव्या दिवशी आले, डोळा गेला.

(क्लोज-अप : पदर. आजींचा हात डोळ्याकडे जातो. सिस्टर तो धरतात.)

हा पदर बघा. तव्याची कड धरलेला, नातवाचं नाक पुसलेला, बाजारचे पैसे बांधलेला. आणि सवयीने डोळ्याला जाणारा. सकाळपासून सिस्टरनी आजींचा हात चार वेळा धरला. पाचव्यांदा धरला तेव्हा आजींनी विचारलं,

"रडू आलं तर चालंल का?"

"का आजी?"

"बेस्तरवारी लेकाचं वर्षश्राद्ध हाय."

सिस्टर जरा वेळ काही बोलत नाहीत. मग कपाटातून स्वच्छ कापसाची पुडी काढतात. "रडा आजी. रडल्याने काही होत नाही. फक्त पदर लावायचा नाही. डोळा दाबायचा नाही. याने इथं गालावर आलं की टिपायचं." आणि स्वतःच्या गालावर करून दाखवतात.

(बारा दिवसांनंतर. आजींचं घर. ओसरी.)

चुलीपुढे सून आहे. आजी काळा चष्मा लावून ओसरीवर तांदूळ निवडतायत. थेंबांचं काम नातीकडे आलंय, ती चौथीत आहे. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, असं उतरत जायचं. बाटली डोळ्याला टेकवायची नाही, हे तिने आम्हाला दोनदा बजावलं. हिशेब भिंतीवर आहे, कोळशाने. एका ओळीत एक दिवस, एका थेंबाला एक रेघ.

पहिल्या आठवड्यातल्या रविवारी पाचच रेघा आहेत. का, म्हणून विचारलं.

"त्या दिवशी दुपारी आजी झोपली होती. उठवलं नाही."

ओसरीवरून आजींचा आवाज येतो, "झोपले नव्हते. रागावले होते."