घरपट्टी वाढली, पण वाढवली कोणी?

नमस्कार श्रोतेहो.

मार्च महिना लागला की आपल्याकडच्या, मराठवाड्यातल्या शहरांत हलगी वाजू लागते. लग्न नसतं, जत्रा नसते. नगरपालिकेचं वसुली पथक एखाद्या थकबाकीदाराच्या दारात उभं असतं आणि सगळी गल्ली तमाशा बघत असते. मी नोकरीची सगळी वर्षं नगरपालिकेच्या कर विभागात काढली, त्यामुळे हा प्रकार मी खिडकीच्या आतल्या बाजूनं पाहिलेला आहे. घरपट्टी वाढली की लोक शिव्या घालतात त्या समोरच्या लिपिकाला, फार तर मुख्याधिकाऱ्याला, नाहीतर वॉर्डातल्या नगरसेवकाला. त्यातल्या बऱ्याच शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात, असं माझं म्हणणं आहे. खरा पत्ता आहे मंत्रालय, मुंबई.

आता हे नीट सांगायचं तर आधी ही पट्टी बसते कशी, ते बघावं लागेल. कंटाळू नका, हिशेब सोपा आहे. समजा तुमचं घर भाड्यानं दिलं तर महिना तीन हजार रुपये येतील असं धरलं. वर्षाचे झाले छत्तीस हजार. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा, म्हणजे राहिले बत्तीस हजार चारशे. याला म्हणायचं करयोग्य मूल्य. या आकड्यावर सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, मलनिस्सारण, शिक्षण उपकर असे टक्के चढत जातात. सगळे मिळून तीस टक्के झाले असं समजा, तर बिल झालं नऊ हजार सातशे वीस. प्रत्यक्षात भाडं विचारत कोणी तुमच्या दारात येत नाही. शहराचे झोन पाडलेले असतात, बांधकामाचे प्रकार ठरलेले असतात, आणि प्रत्येकाला चौरस मीटरचा दर असतो. म्हणजे तुमची पट्टी ठरते ती तीन गोष्टींवर : घर कुठे आहे, किती आहे आणि कशाचं आहे.

या तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे घर कशाचं आहे याची, एक हकीकत सांगतो. आमच्या भागातल्या एका मावशींचं घर जुनं, माळवदाचं. सागवानी खांब, वर कडीपाट, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी मृगाच्या आधी माणूस लावून त्या वर माती टाकून घेतात, नाहीतर गळतं. फेरआकारणी आली, म्हणजे पट्टी नव्यानं ठरवायची वेळ आली, तेव्हा मापं घ्यायला बाहेरची एजन्सी नेमलेली. वरून ड्रोन फिरला, खालून दोन पोरं टॅब घेऊन आली, मावशी त्या वेळी लेकीकडे गेलेल्या. दार बंद. पोरांनी बाहेरून फोटो काढला आणि निघून गेली. वरून बघणाऱ्याला माळवद दिसतं कसं? सपाट. आणि सपाट छत म्हणजे स्लॅब! मावशींचं शंभरीतलं मातीचं घर कागदावर आर.सी.सी. होऊन बसलं. पट्टी एकदम तिप्पट.

सुनावणीला मावशींसोबत मी गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘अहो भाऊ, मी काय बंगला बांधला काय? या की बघायला, वरून माती पडती आंगावर.’’ टेबलामागचा पोरगा बिचारा नवा होता. म्हणाला, ‘‘मावशी, यादीत माळवद असा प्रकारच नाही. आर.सी.सी. आहे, लोडबेअरिंग आहे, पत्रा आहे, कच्चं आहे. कुठं टाकू?’’ शेवटी फोटो, जुनी पावती आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडून ते घर ‘कच्चं’ या रकान्यात बसलं. मावशींना त्याचंही वाईट वाटलं. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं घर, त्याला कच्चं म्हणायचं म्हणजे काय! पण पट्टी उतरली.

चूक कोणाची? पालिकेची आहेच. पण नगरपालिकांमध्ये करयोग्य मूल्य तपासून कायम करणारा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी हा राज्याच्या नगररचना खात्याचा असतो. दर चार वर्षांनी जी फेरआकारणी होते, ती राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानं घालून दिलेली आहे. मुंबई सोडून बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात, तोही राज्याचाच. कोणता कर बसवायचा, थकला तर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, घ्यायची, सूट कोणाला द्यायची, या सगळ्याच्या चौकटी मुंबईत ठरतात. दरमहा दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे मात्र कोणी दारावर येऊन सांगत नाही. दहा हजार थकले तर वर्षभरात दोन हजार चारशेची भर. एवढ्या व्याजानं सावकारानं पैसे दिले तर आपण पोलिसात जातो.

आणि तुमच्या बिलावर एक ओळ अशी असते की तो पैसा तुमच्या गावात राहतच नाही. शिक्षण उपकर. १९६२ च्या कायद्यानं बसवलेला. नगरपालिका तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. दुकान-गाळा असेल तर रोजगार हमीचा उपकर वेगळा. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली; खडी फोडायला गेलेली माणसं आपल्याच जिल्ह्यांतली. त्या उपकराबद्दल माझी तक्रार नाही. पण बिल पालिकेचं, शिव्या पालिकेला आणि रक्कम राज्याची, हा व्यवहार लोकांना ठाऊक तर असावा.

मूळ दुखणं जकातीपासूनचं आहे. एके काळी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. भ्रष्टाचार होता, ट्रकच्या रांगा होत्या, सगळं होतं. पण पैसा रोज संध्याकाळी पालिकेच्या हातात यायचा आणि तो पालिकेचा स्वतःचा असायचा. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, त्याबदली राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, मोर्चे काढले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलंसुरलंही गेलं. बदल्यात राज्यानं भरपाईचा कायदा केला : २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी आठ टक्के वाढ. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या शहराचा पायाच लहान, त्याचे आठ टक्केही लहानच. मुंबईचा पाया वेगळा आणि परभणीचा वेगळा.

मग पालिकेच्या हातात स्वतःचं म्हणून राहिलं काय? घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्याची फी. अनुदानातून पगार आणि पेन्शन भागवता भागवता दम निघतो. बाकी गटारं, दिवे, कचरा, कुत्री, सगळ्याचा भार तुमच्या उंबरठ्यावर येऊन पडतो.

त्यात वरून अटी. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ पासून शहरांच्या अनुदानाला अट घातली : राज्यानं घरपट्टीचे किमान दर जाहीर करावेत, आणि शहराची घरपट्टी वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढलेली दिसावी. राज्याच्या! महाराष्ट्राचं उत्पन्न पळतं ते मुंबई, ठाणे, पुण्याच्या जोरावर. त्या वेगानं हिंगोलीनं किंवा धाराशिवनं घरपट्टी वाढवून दाखवायची. इकडे खरीप बुडालं की बाजारपेठ दिवाळीतसुद्धा रिकामी असते, हे त्या सूत्रात कुठे बसत नाही. अट दिल्लीची आहे, मान्य. पण दिल्लीपुढे आपली बाजू मांडायची ती राज्यानंच ना?

पाण्याचं घ्या. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, देशभर फोटो छापून आले. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं धरण जवळ, तरी नळाला पाणी येत राहिलं ते काही दिवसांआड. तिथली नवी पाणी योजना मंजूर झाली तेव्हा १,६८० कोटींची होती, पुढे ती २,७४० कोटींवर गेली. अशा योजनांत पालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. योजना लांबली, खर्च वाढला की हिस्साही वाढतो. तो आणायचा कुठून? उत्तर पुन्हा तेच : करवाढ नाहीतर कर्ज. आणि कर्जही शेवटी करातूनच फेडायचं.

कधीकधी उलटंही होतं. संभाजीनगरला वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपये होती. पाणी येत नाही आणि पट्टी एवढी, म्हणून लोक चिडले. ती २०२२ मध्ये २,०२५ वर आणली. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं. फक्त निम्मी झालेली ती रक्कम कोण भरून देणार, हे विचारायचं राहून गेलं. निवडणुकीआधी सूट, निवडणुकीनंतर फेरआकारणी, हा खेळ मी खिडकीच्या आतून पुष्कळ पाहिलाय.

आता सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. संभाजीनगर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तिथून पुढे प्रशासक, तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत. लातूर, परभणी, नांदेडलाही २०२२ पासून तीच तऱ्हा. जालना २०२३ मध्ये महापालिका झालं आणि नव्या महापालिकेनं पहिली अडीच वर्षं नगरसेवकच पाहिला नाही. प्रशासक कोण नेमतं? राज्य सरकार. म्हणजे या काळात घरपट्टीचा जो काही निर्णय झाला, तो राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं राज्याच्या कायद्यानं घेतला. करवाढीचा ठराव सभागृहात आला की पूर्वी आरडाओरडा व्हायचा, राजदंड पळवायचे, दोन टक्के कमी करून मग मंजूर व्हायचा. नाटक असेल, पण त्या नाटकातून दोन टक्के वाचायचे! आणि योगायोग बघा, मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही त्याच एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेषाचं, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाचं गाऱ्हाणं मांडायची जागा आणि घरपट्टीवर ओरडायची जागा, दोन्ही एका महिन्यात बंद.

राज्याला मनात आणलं तर करता येतं, याचे दाखले आहेत. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती, ती लेखापरीक्षणाच्या आक्षेपात अडकली, तर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ती परत दिली. पिंपरी-चिंचवडला अनधिकृत बांधकामांवरची शास्ती त्याच वर्षी माफ केली. या लोकांना मिळालं याचा मला राग नाही, मिळावंच. पण आपल्याकडे गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून वसलेल्या वस्तीत, वीस बाय तीसच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधलेला माणूस आहे, एमआयडीसीत पाळ्या करतो, त्याचं घर पाचशे फुटांच्या आतच आहे. त्याच्यासाठी असा निर्णय का होत नाही? मला उत्तर एकच दिसतं. आपण मागत नाही. आपण नगरपालिकेत जाऊन भांडतो आणि आमदार दिसला की हार घालतो.

पालिकांना मी निर्दोष म्हणत नाही. नव्या चारमजली इमारतीची नोंद वर्षानुवर्षं मोकळा प्लॉट म्हणून चालते आणि मावशींच्या माळवदाला स्लॅब लागतो. भरणारा भरतच राहतो, थकवणारा अभय योजनेची वाट बघतो आणि योजना येतेसुद्धा, शास्ती माफ होते. वेळेवर भरणाऱ्याला काय, तर चार-पाच टक्के सूट. आणि हलगी लहान माणसाच्या दारात वाजते. सरकारी कार्यालयांकडची थकबाकी दर मार्चमध्ये पेपरात छापून येते, पण तहसीलसमोर हलगी वाजलेली मी तरी ऐकली नाही.

म्हणून फेरआकारणीची नोटीस आली तर ती उशाखाली ठेवू नका. हरकतीची मुदत त्यावरच छापलेली असते. मुदत गेली की तुमचं म्हणणं संपलं आणि पुढे अपिलात जायचं तर बहुधा आधी पट्टी भरावी लागते. कर विभागात जाऊन आपल्या घराचा आकारणी उतारा मागा. मापं स्वतः टेप लावून बघा. बाहेरून घेतली की आतून, तेही विचारा. बांधकामाचा प्रकार आणि बांधकामाचं वर्ष हे दोन रकाने तर बघाच, कारण घर जुनं असेल तर दर कमी लागतो आणि तिथं ‘चालू वर्ष’ टाकून मोकळं व्हायची सवय असते. घरात तुम्ही स्वतः राहता की भाडेकरू, हेही तपासा. जुनी पावती, वीजबिल, फोटो जोडा. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, नुसती सही नको. मग तिसरी एक प्रत काढा, वर मागणी लिहा की मुंबईसारखी पाचशे फुटांची सूट आमच्याही शहराला द्या, आणि ती आमदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. तिथेही शिक्का मागा. देणार नाहीत लगेच, पण मागा.

नमस्कार.