तिच्या आवाजातला हेल आणि आपल्या बोलीतला

(ओसरी. मागे केळीची बाग. समोर पाटावर पेटी.)

राम राम मंडळी.

आज गाण्यांवर बोलायचंय, पण मूळ गाणी वाजवणार नाही. वाजवली की कॉपीराइटचा क्लेम येतो. म्हणून ही पेटी आणलीय. भजनी मंडळाची आहे, एकादशीला आमचे बाबा वाजवतात. आज हिच्यावर आपण एक इंग्रजी रॉक गाणं काढणार आहोत.

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की यावल तालुक्यात केळीला पाणी भरणारा माणूस हे ऑल्टरनेटिव्ह रॉक ऐकतो कशाला, त्यात कळतं काय. प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मला तीन गाण्यांतून द्यायचंय. आणि आधीच सांगून टाकतो, ही गाणी मी इतकी वर्षं ऐकतोय ते त्यांच्यातल्या हेलामुळे. हेल म्हणजे आपण बोलताना शब्द जिथे ओढतो, जिथे वर नेतो, तो. ज्यावरून समोरच्याला लगेच कळतं की हा जळगावकडचा.

आधी ऑल्टरनेटिव्ह हा शब्द पटकन उरकू. १९८०च्या दशकात अमेरिकेत मोठी रेडिओ स्टेशनं एक ठरावीक गुळगुळीत माल वाजवायची. कॉलेजांची स्वतःची छोटी स्टेशनं असायची, ती पोरं चालवायची. मोठ्यांनी न घेतलेले बँड तिथे वाजायचे. मोठ्या बाजाराला पर्याय, म्हणून ऑल्टरनेटिव्ह. १९९१ मध्ये निर्वाणा नावाच्या बँडचा अल्बम आला, हळू आवाजातलं कडवं आणि एकदम फुटणारं ध्रुवपद घराघरात पोचलं, आणि पर्याय होता तोच बाजार झाला. निर्वाणावर स्वतंत्र व्हिडिओ करीन, आज थांबत नाही.

आता माझं. २००८ साली मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये म्हणालो, "मले अजून एक पोळी द्या." टेबल हसलं. मग एकदा 'शाळा'च्या जागी 'शाया' निघून गेलं तोंडातून. आमच्या बोलीत ळ चा य होतो, डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, लहानपणापासून तेच कानावर. ती पोरं काही वाईट नव्हती, त्यातले दोघे आजही माझे जिवाभावाचे मित्र आहेत. पण वर्षभर मला 'मले' अशीच हाक मारायचे. आणि मी काय केलं, तर बोलणं कमी केलं. आधी वाक्य मनात जुळवायचं, मले-तुले काढून टाकायचं, ळ नीट बसवायचा, मग तोंड उघडायचं. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

त्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या एका पोराने मला मेमरी कार्डवर गाण्यांचं फोल्डर भरून दिलं. त्यात रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडचं 'क्रीप' होतं.

माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं. गाण्यातले निम्मे शब्द कळेनात. पण गाणारा माणूस कुठेतरी उभा आहे आणि ती जागा त्याची नाही, एवढं पहिल्या ऐकण्यात कळलं. शब्दांच्या आधी कळलं. पुढे कितीतरी वर्षं मला हे कोडं होतं की कळलं कशातून? त्याचं उत्तर या पेटीत सापडलं.

(पेटीकडे वळतो. भाता हलवतो.)

बघा. पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, सा धरा. सबंध गाण्यात चारच कॉर्ड आहेत, जी, बी, सी आणि सी मायनर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरून फिरून तेच. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकत्र. आता आपण बाकीचे सूर सोडून देऊ आणि प्रत्येक कॉर्डमधला एकच सूर उचलू.

पहिल्या कॉर्डमध्ये पंचम आहे. ही पांढरी दोन.

(वाजवतो.)

दुसऱ्यात तो अर्धा सूर वर चढतो, कोमल धैवत. काळी दोन.

तिसऱ्यात अजून अर्धा वर, शुद्ध धैवत. पांढरी तीन. इथे जरा मोकळं वाटतं, बघा, उजेडात आल्यासारखं.

आणि चौथ्यात?

(थांबतो. वाजवतो.)

परत काळी दोन. कोमल धैवत. चढला होता तो खाली आला. आणि गाणं पुन्हा सुरू होतं तेव्हा परत पंचमावर, जिथून निघाला तिथेच.

पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत. पंचम. हे सारखं फिरत राहतं. पाऊल उचलतो, अजून एक उचलतो, उंबऱ्यापर्यंत जातो आणि मागे येतो. मेसमध्ये वाक्य मनात जुळवून तोंडापर्यंत आणायचं आणि गिळून टाकायचं, ते हेच. शब्द कळायची गरजच नव्हती मला. तिसऱ्या कॉर्डवरून चौथ्यावर जाताना एक बोट फक्त एक पट्टी सरकतं, बाकीची दोन बोटं जागची हलत नाहीत. एवढ्याशा हालचालीत माणूस आत जाता जाता परत फिरतो.

बाबांना हे वाजवून दाखवलं. त्यांनी ऐकलं, स्वतः दोनदा वाजवून बघितलं आणि म्हणाले, "हा धैवत थांबू देत नाही." बरोबर ओळखलं त्यांनी.

या गाण्याची अजून एक गोष्ट मला फार आवडते. ध्रुवपद सुरू व्हायच्या अगदी आधी गिटारचा खर्र... खर्र असा आवाज येतो, ट्रॅक्टरचा गिअर अडकल्यासारखा. तो बँडच्या गिटारवाल्याचा, जॉनी ग्रीनवुडचा हात. त्याला गाणं फार शांत, मिळमिळीत वाटत होतं, म्हणून तो गिटारवर तुटून पडला. गाणं बिघडवायला मारलेले ते फटके तसेच ठेवले गेले, आणि आज गाणं ओळखलं जातं ते त्यांच्यावरून. १९९२ मध्ये इंग्लंडात हे गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. आधी इस्रायलच्या रेडिओवर चाललं, मग अमेरिकेत गाजलं, आणि १९९३ मध्ये इंग्लंडात पुन्हा काढलं तेव्हा कुठे घरच्यांनी ऐकलं.

दुसरं गाणं, आर.ई.एम. या बँडचं. 'लूझिंग माय रिलिजन', १९९१.

हे नाव मी तेव्हा शब्दशः घेतलं. धर्म सुटला, श्रद्धा गेली, असं काहीतरी. वर्षभर मी ते देवाधर्माचं गाणं म्हणून ऐकत होतो, आणि काही केल्या ते तसं लागत नव्हतं. कारण त्यात कोणीतरी कोणावर तरी जीव लावलाय आणि समोरून काही उत्तर नाही, अशी सगळी तगमग आहे. मग कुठेतरी वाचलं की हा अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलीतला वाक्प्रचार आहे. सहनशक्ती संपली, आता तोल जाणार, डोक्यावरून पाणी गेलं, हा त्याचा अर्थ. धर्माशी संबंध नाही.

विचार करा, आपण म्हणतो 'देव पाण्यात घालून बसलो'. परीक्षेचा निकाल लागायचाय, माणूस ऑपरेशन थिएटरात आहे, तेव्हा म्हणतो. उद्या कोणी परक्याने हे शब्दशः घेतलं तर त्याला वाटेल, या लोकांनी देव बुडवले! मी त्या गाण्याशी नेमकं हेच केलं होतं.

हा बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या गावचा. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, विद्यापीठाचं एक गाव. दक्षिणेकडच्या लोकांच्या बोलण्याला अमेरिकेतही हसतात. आणि यांनी आपल्याकडच्या बोलण्यातला वाक्प्रचार उचलून सरळ गाण्याचं नाव केलं, जगाला कळेल की नाही याची काळजी न करता. जगाला कळला नाहीच, पण गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. बरं, त्याला नीट ध्रुवपदसुद्धा नाही. व्हिडिओ केला आपल्या जालंधरच्या तरसेम सिंगने, आणि त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार त्याला मिळाला.

त्यातलं मॅन्डोलिन ऐका. पीटर बक हा गिटार वाजवणारा माणूस, त्याने नुकतंच मॅन्डोलिन आणलं होतं. टीव्ही बघता बघता शिकत होता आणि रेकॉर्ड करत होता. दुसऱ्या दिवशी ऐकताना त्यात ही धून सापडली. मॅन्डोलिनला आठ तारा, पण चार जोड्यांत. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराला लावतात, पण त्या कितीही मिळवल्या तरी केसभर फरक राहतोच, आणि त्या फरकातून ती झिणझिण येते. लग्नात बँडच्या गाडीवर बेंजो असतो ना आपल्याकडे, त्याची झिणझिण आठवा. परण्याच्या वेळी, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, आख्खी गल्ली थरारते. मला हे गाणं पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं ते त्यामुळे.

आणि आता तिसरं. याच्यासाठीच खरं तर हा व्हिडिओ करायला बसलो.

द क्रॅनबेरीज, 'झॉम्बी', १९९४. गाणारी डोलोरेस ओ'रिऑर्डन, आयर्लंडमधल्या लिमरिक भागातल्या खेड्यातली.

२० मार्च १९९३. इंग्लंडात वॉरिंग्टन नावाचं शहर आहे, तिथे शनिवारी बाजारपेठेत आयआरएने, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेने, दोन बॉम्ब ठेवले, कचरापेट्यांमध्ये. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन होता, लोक खरेदीला आलेले. दोन मुलं गेली. एक तीन वर्षांचं, जागेवरच. दुसरा बारा वर्षांचा, तो पाच दिवसांनी. डोलोरेस त्या वेळी बँडबरोबर इंग्लंडात कार्यक्रम करत फिरत होती. ती आयरिश, बॉम्ब ठेवणारेही आयरिश, आणि ते सगळं आयर्लंडच्या नावाने चाललेलं. तिने हे गाणं लिहिलं, आणि लिहिताना ती त्या लेकरांच्या आयांच्या बाजूला जाऊन बसली.

गिटार जड आहे, आवाज मुद्दाम फाडलेली, खरखरीत. पण तुम्ही तिचा गळा ऐका. आपला आवाज दोन ठिकाणांहून निघतो असं समजा. बोलताना, ओरडताना छातीतला, जाड. वर गेलं की बारीक, डोक्यातला. मधे एक सांधा असतो. गाणं शिकवणारे हा सांधा बुजवायला शिकवतात, कळू द्यायचा नाही. डोलोरेस तो सांधा उघडा ठेवते. शीर्षकातल्या शब्दाचा शेवटचा 'बी' घेते आणि त्याच्यावर आवाज तोडते, परत जोडते, परत तोडते. वर तिचे उच्चार शंभर टक्के तिच्या गावचे. लंडनला चालावेत म्हणून तिने ते घासले नाहीत.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर होतो, आणि मला आमच्या आत्या आठवल्या.

आजी गेली तेव्हा मी नववीत होतो. आत्या भुसावळकडून एसटीने आल्या. स्टँडवर उतरून गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत गप्प होत्या. वळणावर घर दिसलं आणि त्यांनी हेल काढला. "माय वं माय..." त्यातला पहिला 'माय' छातीतून आला, आणि दुसऱ्यावर आवाज फुटून एकदम वर गेला, बारीक झाला, तुटला. मग त्या रडत रडत आजीचं सगळं बोलत होत्या, सुरात. तिने कसं कांदे विकून पाटल्या केल्या, कसं पावसात निंदायला गेली. हे बायांना कोणी शिकवत नाही, आणि तरी प्रत्येक बाईला येतं. आयर्लंडमध्येही मढ्याजवळ बसून असं सुरात रडणाऱ्या बायांची जुनी परंपरा होती.

बोलण्याच्या ढबीला आपण हेल म्हणतो, आणि रडतानाही हेलच काढतो. तो शब्द मला तेव्हा, त्या गच्चीवर लागला. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये मी 'मले' म्हणायला लागलो. हसले ते. मग त्यांना सवय झाली.

डोलोरेस १५ जानेवारी २०१८ ला गेली, ४६ वर्षांची होती. त्या रात्री लाइट बाराला आली. मोटर चालू करून मी बांधावर बसलो होतो, कानात तीच.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आत्या माहेरी आल्या होत्या. सकाळी सकाळी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या, मी पाण्याची घागर वर आणून दिली आणि तिथेच बसलो. फोनवर 'झॉम्बी' लावलं होतं, हळूच. आत्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी हातातलं पीठ तसंच धरून ऐकलं आणि विचारलं,

"कोन गेलं रे हिचं?"

मी म्हटलं, "हिचं नाही. परक्यांची दोन लेकरं. एक तीन वर्षांचं होतं."

त्या काही बोलल्या नाहीत. एक बिबडी घातली, दुसरी घातली. मग म्हणाल्या, "नाव काय बाईचं?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, डोलरस, डोलरस. गाणं संपत आलं होतं. त्यांनी पिठाचा हात न पुसता फोनकडे बोट केलं.

"अजून लाव बरं."